धाप न लागणारी गाडी

मी, महिपत केरू विशे, राहणार खर्डी, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, धंदा शेती, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही की धाक घातलेला नाही. डोळ्यांना कमी दिसते, पण कान शाबूत आहेत. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे कानांचाच प्रश्न आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. एखादा शब्द कायद्याचा नसेल तर साहेबांनी समजून घ्यावे, तेवढ्यावरून कागद रद्द करू नये.

१. राहते घर मी स्वतः कमावून बांधले. ते माझी सून पल्लवी आणि नात वैष्णवी यांना दोघींना मिळून द्यावे. मागच्या पडवीची कौले दर पावसाळ्याआधी फिरवून घ्यावीत. रात्री गॅसचा नळ बंद केला का, ते पुन्हा एकदा उठून पाहावे. मी पाहतो म्हणून पल्लवी हसते, पण मी नसल्यावर कोण पाहणार?

२. माझा मुलगा ज्ञानेश्वर याला चारचाकी गाडी द्यावी. फक्त गाडी.

याचे कारण लिहिले नाही तर लोक म्हणतील, म्हातारा चळला. म्हणून लिहितो.

मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तिथे बैलांचा मोठा बाजार असतो. शहापूर आणि मुरबाडकडची माणसे बैल घ्यायचा तर मला बरोबर नेत. मी दात बघे, खूर बघे, मग जनावर चढणीला पळवून त्याच्या बरगडीला कान लावी. धाप किती लागते, त्यावर निकाल. उतरणीला मेलेले जनावरसुद्धा चालते, हे मी सगळ्यांना सांगत असे. आमच्या गावचा लखमा हे माझ्याकडूनच शिकला. वीस वर्षे तो माझ्याबरोबर जत्रेला आला. पुढे तो शहापुरात जुन्या गाड्या विकू लागला.

सन २००३ साली माझी बायको कमळ हिचे गुडघे गेले. जीपमध्ये कोंबून तिला डॉक्टरकडे नेणे होईना. ज्ञानेश्वर म्हणाला, "बा, लहान गाडी घेऊ. पेट्रोल कमी पिते, आपल्या गल्लीत पण वळते." लखमाने इगतपुरीची एक गाडी सांगितली. आम्ही गाडीने वर गेलो, म्हणजे आगगाडीने. मोटार राखाडी रंगाची होती, चार दारांची, कणगीएवढी. मी म्हणालो, आधी चढणीला चालवून दाखवा.

लखमा म्हणाला, "महिपतदा, चढायला कशाला पेट्रोल जाळतोस? घरी तर उतरूनच जायचाय. तुला अ‍ॅव्हरेज बघायचा ना? पेट्रोलच्या काट्यावर डोळा ठेव."

ज्ञानेश्वर म्हणाला, "बा, आता उशीर नको करू. आयेला त्रास व्हतो."

चालवायला ज्ञानेश्वर, शेजारी लखमा, मागे मी आणि कमळ. घाट उतरताना मी कान देऊन बसलो होतो. गाडी गुपचूप खाली येत होती. ना घरघर, ना धाप. काटा तर हलेचना. कमळ म्हणाली, "गो बाय, हिचा आवाज कसा येत नाय?"

ज्ञानेश्वर म्हणाला, "आये, नवीन टेक्निक हाय."

मी निकाल दिला. म्हणालो, "हिला धाप नाय. घ्यायची."

हरण्या आणि पाखऱ्या ही माझी शेवटची जोडी विकून ती गाडी घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात कमळच्या भाच्याच्या लग्नाला त्याच घाटाने वर निघालो. अर्ध्यावर गाडी अशी धापा टाकू लागली की मला वाटले आता बसेल. सगळे खाली उतरलो. कमळ त्या गुडघ्यांनी वळण चढून गेली. मी विचारले, "हीच का रे ती गाडी?" ज्ञानेश्वर म्हणाला, "चार माणसं बसल्यावर असाच व्हणार." पुढे कमळ वारली.

गेल्या वर्षी शेजारच्या जयरामच्या घरच्या हळदीला लखमा चार माणसांत बसून सांगत होता, "घाटात किल्लीच बंद केलेली. गाडी न्यूट्रलवर सोडली. एका वळणावर ब्रेक दगडासारखा झालता, माझी तर फाटली! आन् आमचा म्हातारा मागं बसून सांगतो, हिला धाप नाय!" सगळा मांडव हसला. लखमा हसला याचे मला दुःख नाही, तो विकणारा माणूस. ज्ञानेश्वर माझ्यासमोर पत्रावळ घेऊन बसला होता. तोही हसला. मग माझ्याकडे पाहिले आणि भात कालवू लागला.

किल्ली त्याच्या हातात होती. मागच्या सीटवर त्याची आई होती. लखमाने त्याला धंद्यात घ्यायचे कबूल केले होते, तेही मला त्याच मांडवात कळले. घेतले नाहीच.

आता गाव मला पाहून म्हणते, "काय आबा, धाप लागली का?" यंदा जत्रेला मला कोणी बोलावले नाही.

३. गाडीचा खरा निकाल. हा लिहिणे माझे काम आहे, एकदा खोटा गेला आहे. गाडी वाईट नाही. खर्डी ते शहापूर सपाटीला पेट्रोल खरोखर कमी पिते. टायर स्वस्त, गल्लीत वळते, दुरुस्ती कुठेही होते. एकट्यादुकट्याची, शहरातली गाडी आहे. भरलेल्या घराला घेऊन घाट चढणारी नव्हे. ती कधी खोटे बोलली नाही. तिला बोलूच दिले नव्हते.

४. हरण्या-पाखऱ्याची घुंगुरमाळ वैष्णवीला द्यावी. तिने ती गाडीच्या आरशाला बांधावी. म्हणजे किल्ली बंद असली तरी आवाज येईल.

५. बैलाचा सौदा करताना भाव ठरवायला ज्याच्याखाली एकमेकांची बोटे धरायचो तो रुमाल लखमाला द्यावा. त्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये.

६. माझ्या अस्थी नाशिकला न्याव्यात, त्या याच गाडीतून. ज्ञानेश्वरने चालवावी, वैष्णवी मागे बसेल. घाट चढताना गाडी धापा टाकील, टाकू द्यावे. जिथे कमळ उतरून चालली त्या वळणावर थांबून त्याने मुलीच्या देखत म्हणावे, "बा, किल्ली मी बंद केली होती." एवढे म्हणाला तर तळ्याकडचे खाचर त्याचे. नाही म्हणाला तर तेही पल्लवीचे. म्हणाला की नाही ते वैष्णवी सांगेल, ती खोटे बोलत नाही. येताना उतारावर किल्ली चालू ठेवावी. मागे पोर असेल.

साक्षीदार बुद्धभूषण मास्तर म्हणाले, "आबा, सहावं कलम काढा. पोटच्या पोराला असं कोण लिहितं?" मी म्हणालो, मी जिवंत असताना तो हे वाक्य बोलला तर हा कागद मी स्वतः फाडीन. मी रोज संध्याकाळी ओटीवरच बसलेला असतो. लांब जावे लागत नाही.

वर लिहिलेले वाचून, समजून सही करतो.

महिपत केरू विशे

आमच्या समोर सही केली, आम्ही त्यांच्या समोर केली:
बुद्धभूषण जाधव, शिक्षक, खर्डी
जैतू लखमा वाघ, शेती, खर्डी (हा लखमा वेगळा, गाडीवाला नव्हे)

ठिकाण खर्डी. रविवार, ता. ११ जानेवारी २००९, पौष पौर्णिमा, म्हशाच्या जत्रेचा दिवस.

सहीनंतरची ओळ, साक्षीदार अजून बसले आहेत: आत्ता गाडी अंगणात आली. आवाज मी ऐकला. ज्ञानेश्वर ओटीवर आला, कागदाकडे पाहिले, मास्तरांकडे पाहिले, थोडा उभा राहिला. मग म्हणाला, "बा, जेवलास का?" मी हो म्हणालो. तो आत गेला.

कागद फाडलेला नाही. पुन्हा सही करतो.

महिपत केरू विशे