जिन्यातला प्रिंटर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो नाही, कंबर धरली आहे, पण मनाने वाकलो आहे, तो पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? चढताना उजवा दुखतो की उतरताना डावा, हे माझ्या कधीच लक्षात राहत नाही, तेव्हा दोन्ही बरे असोत. दाजींचा खोकला गेला का? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बोललात का दोघं?’ आणि मी ‘नाही’ म्हटलं की तू फोन दाजींच्या हातात देतेस. गेले चौदा महिने मी त्यांचा खोकलाच ऐकतो आहे. म्हणून या वेळी पत्र. मधे बोलू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुला सांगायला नको, पण पत्राला सुरुवात लागते म्हणून सांगतो. तू आठ दिवस राहायला म्हणून आलीस आणि तिसऱ्याच दिवशी गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहिली. मोटर चालू कोणी ठेवली यावरून दादाची आणि माझी जुंपली. तो म्हणाला मी, मी म्हणालो तो. तू बॅग भरलीस आणि दारात सांगून गेलीस की तुम्ही एकमेकांशी एक तरी शब्द बोललात की कळवा, तोवर माझी वाट पाहू नका. आम्हाला वाटलं, रागाच्या भरात म्हणाली, पंधरा दिवसांत येईल. तू काही आली नाहीस. (तुझा हट्ट अण्णांच्या वळणावर गेला आहे. आमचा कोणाच्या, ते माहीत नाही.) आणि आमच्यातलाही कोणी पहिला शब्द काढेना. दादा थोरला, त्याने का बोलावं? मी धाकटा, मला बोलून कोण विचारतो? असे चौदा महिने गेले.

आता प्रिंटरकडे येतो. घराची वाटणी अण्णांनी स्वतः करून दिली होती, वर दादा, खाली मी, कपाटं, भांडी, खुर्च्या, सगळं मोजून. राहिला तो प्रिंटर. निवृत्तीनंतर अण्णा सगळ्या जगाला तक्रारीची पत्रं लिहायचे, त्यासाठी त्यांनी तो घेतला होता. वडिलांची वस्तू म्हणून दादाला तो वर हवा होता, मला खाली. शेवटी तो जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसला. वरून नऊ पायऱ्या, खालून नऊ. दादा गणिताचा मास्तर, निवृत्त झाला तरी सकाळी क्लास घेतो, त्याला रोज पोरांसाठी गणितं छापायची असतात. माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. दोरा कुठून कसा ओवायचा त्याचं चित्र छापून दिलं नाही तर गिऱ्हाईक तेच मशीन तीन दिवसांनी परत आणतं. म्हणजे प्रिंटर दोघांना हवाच. पण तो जुना. त्याला मागे एकच भोक, त्यात यूएसबीची वायर, आणि वायर हातभर. तेव्हा ज्याला छापायचं त्याने आपला लॅपटॉप घेऊन जिन्यात यायचं. अबोला सुरू झाल्यावर दादाने भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं, पट्टीने रेघा मारून. सकाळी सात ते दहा तो, दुपारी दोन ते पाच मी, मधला वेळ ‘मोकळा’. मोकळ्या वेळात कोणी काय करायचं ते लिहिलं नव्हतं, म्हणून कोणीच फिरकायचं नाही.

माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच वारली आहे. त्यामुळे एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात चार्जर, खांद्यावर एक्स्टेंशन बोर्ड अशी माझी वरात रोज दुपारी जिना चढायची. गेल्या महिन्यात बोर्डाची वायर पायात आली आणि मी तीन पायऱ्या बसून उतरलो. (कंबर धरली ती तेव्हाच. लॅपटॉप वाचला.) वर दादाच्या दाराची कडी वाजली. दार उघडलं, तो डोकावला, मी धडधाकट आहे हे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मला इतका राग आला की मी तिथेच, पायरीवर बसल्या बसल्या, ठरवलं की हा प्रिंटर आता वायफायवर घ्यायचा. वायर नको, जिना नको, त्याचं ते डोकावणं नको.

संगणकाच्या दुकानातल्या माणसाने प्रिंटरचा फोटो बघून हात जोडले, मला की प्रिंटरला ते कळलं नाही. म्हणाला, काका, भंगारात द्या. मी म्हटलं, वडिलांची वस्तू आहे. त्यावर त्याने आतून साबणाच्या वडीएवढी एक डबी आणून दिली. डबीच्या एका बाजूला प्रिंटरची वायर जोडायची, डबीने घरातलं वायफाय पकडायचं, की मग घरात कुठूनही छापता येतं. दोन मिनिटांचं काम आहे म्हणाला. मला चार दिवस लागले. डबीचं माहितीपत्रक मुंगीच्या अक्षरात होतं. आधी डबी स्वतःचंच एक वायफाय काढते, त्यावर जायचं, मग आकड्यांचा एक पत्ता टाकून तिचं पान उघडायचं, तिला आपल्या घरचं वायफाय दाखवायचं, पासवर्ड सांगायचा, मग ती तिकडे जाते आणि तिचा पत्ता बदलतो, तो शोधून लॅपटॉपला सांगायचा. मुलीचं लग्न लावून द्यावं इतका हा सगळा व्याप. पण चौथ्या दिवशी खाली माझ्या टेबलावरून बटण दाबलं आणि वर जिन्यात प्रिंटर घरघरला. मी डबीचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून डबीवरच चिकटवला आणि चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी काही छापेना. चिठ्ठीवर पत्ता एक, डबी वसलेली दुसरीकडेच. मला वाटलं, मीच आकडा चुकीचा उतरवला. नवी चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी चाचणीसाठी समोर दिसली ती एक फाईल छापायला पाठवत होतो आणि लॅपटॉप दर वेळी ‘पाठवतो आहे’ म्हणून गप्प बसत होता. अशी मी ती एकच फाईल अकरा वेळा पाठवली आणि मग हात टेकले. घोळ कुठे होता ते नंतर कळलं. दादा, वीज वाया जाऊ नये म्हणून, आपली वेळ संपली की भिंतीवरचं बटण बंद करायचा, आणि पुन्हा चालू झालं की डबी नवा पत्ता घेऊन बसायची. माझे मात्र तेवढे दिवस त्या डबीने माझ्याशी उभा दावा मांडला आहे अशा समजुतीत गेले.

त्याहून वाईट गोष्ट माझ्या ध्यानात आली ती उशिरा. प्रिंटरला भोक एकच. तिथे मी डबी लावली, म्हणजे दादाची वायर गेली! मी माझी सोय बघताना त्याचं छापणंच बंद केलं होतं. आणि ताई, त्याने भांडण केलं नाही. रोज सकाळी तो डबी काढायचा, आपली वायर लावायचा, पोरांची गणितं छापायचा आणि जाताना डबी होती तशी, चिठ्ठी वर येईल अशी, परत लावून ठेवायचा. मला ओशाळल्यासारखं झालं. त्याने डबी फेकून दिली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

यावर उपाय सोपा होता. माझ्या वायफायचा पासवर्ड त्याला लिहून द्यायचा, म्हणजे तोही वरून छापेल. पण तो पासवर्ड देण्यासारखा नव्हता. अबोल्याच्या पहिल्या आठवड्यात मी रागाने ठेवलेला. त्यात दादा होता, ओझी वाहणारं एक चार पायांचं जनावर होतं आणि शेवटी एक-दोन-तीन होतं. बदलावा तर डबीचं लग्न पुन्हा पहिल्यापासून लावायचं. दोन दिवस मी चिठ्ठी लिहीत होतो आणि फाडत होतो. शेवटी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली की त्यांच्याकडे तो आठ महिन्यांपासून आहे. वरचं कनेक्शन बंद पडलं तेव्हा वहिनींनी मागितला, हिने दिला. (दोन्ही जावा स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज तासभर बोलतात. अबोला फक्त पुरुषांपुरता होता, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.) मी विचारलं, दादाने पाहिला? तर म्हणे, मोठ्या भाऊजींनी स्वतःच्या हाताने टाइप केला. काय म्हणाले? ‘हं’ म्हणाले.

आठ महिने हा माणूस रोज माझ्याच वायफायवर बसून होता आणि ‘हं’ सोडून काही बोलला नाही! मला तोंड लपवायला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडला तो मशीनच्या एका सुट्ट्या भागाचा नंबर बघायला, प्रिंटरचं नावही मनात नव्हतं. आणि जिन्यात घरघर सुरू झाली. थांबेचना. झालं होतं असं की दादाने माझ्या चिठ्ठ्या रोज पाहिल्या होत्या. शेवटचा आकडा कधी सात, कधी बारा, कधी नऊ, हे गणिताच्या मास्तरला बघवेना. त्याने डबीचं पान उघडलं आणि चिठ्ठीवरचा पत्ता तिला कायमचा नेमून दिला. मला चार दिवसांत जमलं नाही ते त्याने चहा थंड व्हायच्या आत केलं. माझा लॅपटॉप त्याच पत्त्यावर टपून बसलेला, त्याला डबी सापडली आणि अडकलेल्या अकराही प्रती त्याने एकदम सोडल्या. सकाळी आठ वाजता, दादाच्या वेळेत.

आणि ती फाईल कोणती, तर सहा महिन्यांपूर्वी तुला लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं पत्र. तीन पानी. पहिल्या दोन पानांवर दादाविषयी जे काही आहे ते तुलाही सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या पानावर मी लिहून गेलो होतो की तो चार दिवस बाहेरगावी गेला होता तेव्हा वरून पावलांचा आवाज येईना आणि मला दुकानात एक स्क्रू धड लावता आला नाही. तो नसला की हे घर मला खायला उठतं. आता हे अकरा वेळा छापून त्याच्या पुढ्यात पडत होतं. मी आमच्या दाराच्या आत उभा राहून आवाजावरून पानं मोजत होतो. बाहेर जायचा धीर होईना. तेहतीस झाली, प्रिंटर थांबला, आणि कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग जिन्यातून दादाचा आवाज आला, वर्गात मागच्या बाकावर पोचायचा तसा:

“अरे, कागद संपलाय!”

चौदा महिन्यांनंतर. ताई, मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. मी कसाबसा “आणतो!” म्हणालो आणि कागदाचा नवा गठ्ठा घेऊन वर पळालो, कंबरेसकट. तो टप्प्यावर माझी एक प्रत हातात घेऊन उभा होता, तपासलेली. पहिल्या दोन पानांवर लाल शाईच लाल शाई, समासात ‘पुरावा?’, ‘हे दोनदा आलं आहे’, ‘मोटर तूच’. तिसऱ्या पानावर काही नव्हतं, खाली फक्त एक बरोबरची खूण. आम्ही दोघं पायरीवर बसलो. काही मोठं बोललो नाही. टोनर कुठे मिळतो, तुझे गुडघे, असंच. मग त्याने एकच मागणी केली, पासवर्ड बदल. मी तिथेच बदलला. आता त्यात दादाच्या जागी धाकटा आहे. जनावर तेच आहे. डबीला नवा पासवर्ड दादानेच सांगितला, दोन मिनिटांत.

आता इतकं हलकं वाटतं आहे की दुकानात मी शीळ घालतो आणि गिऱ्हाइकं वळून बघतात. वेळापत्रक भिंतीवरून काढलं, तिथे पांढरा चौकोन उमटला आहे. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुझी अट पुरी झाली आहे. तू म्हणाली होतीस एक शब्द, आम्ही कितीतरी बोललो. तेव्हा आता लगेच ये, आणि आठ दिवस नाही, महिनाभर ये. उतरायचं मात्र खाली, माझ्याकडे. तुझ्या गुडघ्यांचा विचार करून सांगतो, माझा यात काही स्वार्थ नाही. दादा म्हणेल वर वारा चांगला येतो. ऐकू नकोस.

ता. क. २. हे पत्र आत्ताच खालून बटण दाबून वर छापलं. पाकिटात घालून टपालात टाकायचं काम दादाकडे दिलं आहे, सकाळी फिरायला तिकडेच जातो. वाचणार नाही म्हणाला आहे.

ता. क. ३ (लाल शाईत लिहितो आहे, अक्षर ओळखशील). वाचलं. वर वारा खरंच चांगला येतो. बाकी हकिगत साधारण बरोबर, एक चूक सोडून, ती त्याला दाखवलेली नाही आणि तूही दाखवू नकोस. त्या दिवशी कागद संपला नव्हता. ट्रेमध्ये अर्धा गठ्ठा होता, तो मी काढून पाठीमागे धरला आणि मग हाक मारली. दुसरं काय बोलावं ते सुचेना. तू ये.