विहिरीपासून चार वीत

हा कागद बाहेर निघेल तेव्हा दिनानाथ चष्मा शोधत असेल. बाळा, तो डोक्यावर आहे, दर खेपेला असतो तसाच. पण सापडला तरी वाचायला बसू नकोस. हा कागद मुबीनाने मोठ्याने वाचायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या अंगठ्यापर्यंत, आणि तू नुसतं ऐकायचंस. असं का, ते कलम तीनमध्ये येईल. तोवर दम धर.

मी, भामाबाई बळीराम घरत, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, राहणार पनवेल, करंजाडे रस्त्यालगत, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला पटत नसेल तर भाजीवाल्याला विचारा, तो मला पाहिलं की जुडी आपणहून मोठी बांधतो. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आणि शेजारच्या इलियासभाईंची मुलगी मुबीना लिहिते. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रत्येक कलम ती मला वाचून दाखवते, मग तिचे वडील तेच कलम पुन्हा वाचतात, दोघांचं जुळलं तरच मी पुढे जाते. मुबीना म्हणाली, "आजी, आमच्यावर भरोसा नाही का?" म्हटलं, तुझ्यावर आहे गं, कागदावर नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. माझ्या मालकीचं कौलारू घर, मागचं आवार आणि आवारातली विहीर मी माझा मुलगा दिनानाथ आणि नातू निनाद यांना मिळून देते. यावर अट आहे. ती कलम पाचमध्ये. अटीशिवाय घर मिळेल असं कोणी समजू नये.

कलम २. माझी नथ आणि पाटल्या मुलगी सुमतीला. ती मोऱ्याला दिली, एस.टी.ने आली तर दोन तासांनी परत निघते, तरी दर खेपेला भांडी घासून जाते. सून जिवंत असती तर पाटल्या तिला दिल्या असत्या. बॅंकेतलं जे काही असेल त्यातून कलम पाचचा खर्च करावा, उरलं तर तिघांनी वाटून घ्यावं. भांडू नये. भांडायचंच असेल तर माझ्या फोटोसमोर भांडावं, म्हणजे मला करमेल.

कलम ३. आता भिंतीचा तो कागद. दोन हजार पाचच्या पुरात मागचं कुंपण वाहून गेलं. पलीकडे गोदाम आहे. न्हावा शेव्याहून ट्रक येतात, त्यातून केमिकलची रिकामी पिंपं उतरतात, तिथे ती धुतात आणि पुढे विकतात. गोदामाचा शेठ घरी आला, ओट्यावर बसला, म्हणाला, मावशी, मी माझ्या खर्चाने पक्की भिंत बांधून देतो. दोन पानांचा कागद होता. दिनानाथने पहिलं पान वाचून दाखवलं. भिंत, भिंतीची उंची, भिंतीचा खर्च.

मी विचारलं, "आन दुसऱ्या पानावर काय हाय?"

"तेच हाय, आये. अंगठा दे."

मी दिला. दुसऱ्या पानावर असं होतं की भिंतीच्या आमच्या बाजूला जमिनीखाली शोषखड्डा काढून गोदामाचं पाणी त्यात सोडायला माझी तीस वर्षं संमती आहे. हे मला गेल्या दिवाळीत कळलं, मुबीनाने तो कागद ट्रंकेतून काढून वाचला तेव्हा. भिंत बांधून झाल्यावर दोन महिन्यांनी निनादला बंदरात कारकुनाची जागा मिळाली. शब्द शेठने टाकला होता. पोरगं तीन वर्षं घरी बसून होतं, बापाचा जीव तुटत होता, हे मी पाहिलेलं आहे. मुबीनाने इथे 'माझा कोणावर राग नाही' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. राग आहे. पण ज्याच्यावर आहे त्याला मीच जन्म दिला, म्हणून घर त्यालाच.

कलम ४. हे कलम कोर्टात चालणार नाही असं मुबीना म्हणते. तरी लिही म्हटलं.

मी सव्वीस वर्षं एका बंगल्यात बागेचं काम केलं. तिथल्या बाईंनी पुण्याहून एका फुलाचं बी आणलं होतं. कॅंडीटफ्ट. नाव तोंडात बसायला मला दोन हिवाळे लागले, फूल हातात बसायला एकच. पांढरे झुबके, जवळून पाहिलं तर दोन पाकळ्या मोठ्या, दोन लहान. मी बी घरी आणलं आणि भिंतीपासून विहिरीपर्यंत एकच सरळ ओळ लावली. दरवर्षी लावते. दसरा झाला, पाऊस खरंच गेला, की माती भुसभुशीत करायची, शिंपल्यांचा चुना मूठभर मिसळायचा, बी वरच्यावर पेरून चाळलेल्या मातीचा नुसता पापुद्रा द्यायचा. रोप उपटून दुसरीकडे लावायचं नाही, त्याचं मूळ रुसतं. दाटी झाली तर वितीवर एक ठेवून बाकीची काढायची. पाणी सकाळी, बुडाशी, बेताने. सुकलेले झुबके कापले की नवे येतात. फाल्गुनात शेंगा गवतासारख्या पिवळ्या पडल्या की फुटायच्या आत बी धरायचं.

भिंत झाली त्या हिवाळ्यात भिंतीलगतची तीन रोपं उगवून मेली. पुढच्या वर्षी सहा. दिनानाथ म्हणाला, "आये, पानी जास्त घातलंस." या फुलाला जास्त पाणी चालत नाही हे खरं आहे, म्हणून मी ऐकलं. पुढच्या वर्षी पाणी कमी केलं. ओळ आणखी मागे सरली. तेव्हापासून भिंतीच्या खिळ्याला मी सुतळी बांधली आहे. दर माघात जिथे शेवटचं मेलेलं रोप, तिथे सुतळीला गाठ. सहा वर्षांच्या गाठी आहेत. यंदाची गाठ विहिरीपासून चार वीत आहे. दिनानाथ भिंतीजवळचा झेंडू दाखवून मला समजावतो. झेंडू गटारातही फुलतो, बाळा. तो साक्षीला चालत नाही.

या ओळीला मी नळाचं, तांदूळ धुतलेलं पाणी घालते. विहिरीचं पाणी फक्त पिण्याला, ही माझ्या नवऱ्याची शिस्त. विहीर त्याने स्वतः खणली होती. शिस्त आम्ही मोडली नाही. दिनानाथ आणि मी तेच प्यालो.

यंदा मी दोन कुंड्या भरल्या. माती एक, बी एक, ऊन एक. एकीला नळाचं पाणी, दुसरीला विहिरीचं. नळाची कुंडी फुलली. विहिरीच्या कुंडीतल्या रोपांना चार पानं आली, पानांच्या कडा करपल्या, आणि संक्रांतीच्या आत सगळी आडवी झाली. मेलेली माती विहिरीपासून अजून चार वीत लांब आहे. खड्ड्यातलं पाणी विहिरीत पोचलं आहे.

त्याच आठवड्यात माझे पाय सुजले म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, आजी, पाणी कुठलं पिता? दिनानाथ म्हणाला, नळाचं. मी तोंड उघडलं नाही. घरची गोष्ट दवाखान्यात कशाला, आणि शेठच्या कानावर गेलं तर निनादची नोकरी. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकलीत, वयच झालं. वय तर झालंच आहे. पण सकाळी दिनानाथच्याही घोट्यावर सूज असते. तो नव्या चपलेला दोष देतो. चपला बदलून दोन महिने झाले.

संक्रांतीपासून मी रहाटाची दोरी लपवली. त्याने पंपाची ऑर्डर दिली. नळ एक दिवसाआड येतो, म्हणतो, आणि अक्षय्य तृतीयेला निनाद भाड्याची खोली सोडून बायको आणि इराला घेऊन इथे राहायला येणार आहे. इरा चार वर्षांची आहे. तिला पाणी फार लागतं.

कलम ५. अट. अ) माझ्या मागे विहिरीवर पंप बसवू नये आणि विहीर झाकणाने बंद करावी. सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासून ते पिण्याजोगं आहे असा लेखी दाखला मिळेपर्यंत त्यातला एक थेंबही कोणाच्या पोटात जाऊ नये. दाखला मुबीनाने वाचावा, दोन्ही पानं. ब) भिंतीलगतचा खड्डा पंचांसमोर उघडावा. माझ्या अंगठ्याने दिलेली संमती मी या कागदाने परत घेते. मुबीना म्हणते, अशी परत घेता येते की नाही ते कोर्ट ठरवील. ठरवू दे, खड्डा तोवर उघडा राहील. क) दिनानाथने त्याच डॉक्टरांकडे जाऊन खरं पाणी सांगावं. ड) यातलं काही मोडलं तर घर, आवार, विहीर सगळं सुमतीचं. तिला मी सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, "आये, दादाला घराभायेर काडू?" म्हटलं, काढ. मोऱ्याला ने, तिथलं पाणी तरी पी म्हणावं.

निनाद, तुझी नोकरी जाईल अशी भीती तुला वाटेल. मलाही वाटली, म्हणून दिवाळीपासून मी तीन महिने गप्प बसले. त्या तीन महिन्यांत तुझा बाप रोज दोन तांबे प्यायला, मी दोरी लपवली तरी शेजारची मागून आणून.

कलम ६. खुरपं, झारी, चाळण आणि बियांची बाटली इराला. पेरायचं कसं ते वर लिहिलं आहे. ती मोठी होईपर्यंत निनादने लावावं आणि सुतळीला गाठ मारावी. येत्या दसऱ्याला पेरायला मी नसेन.

हे सगळं मला दोनदा वाचून दाखवलं, दोघांचं जुळलं. समजून, राजीखुशीने डाव्या हाताचा अंगठा देते.

ठिकाण : पनवेल
दिनांक : ३ मार्च २०१३

भामाबाई बळीराम घरत (अंगठा)

साक्षीदार : १) इलियास, किराणा दुकानदार, शेजारी (सही)
२) रामू, बंगल्यावरचा जुना माळी (सही)
लेखनिक : मुबीना (सही)

शाई पुसायच्या आत एक राहिलं, ते खाली लिहून घेतलं आहे आणि त्यावर वेगळा अंगठा व त्याच साक्षीदारांच्या सह्या आहेत. माझ्या तेराव्याचा सगळा स्वयंपाक नळाच्या पाण्यात करावा. फक्त एक पान वेगळं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, भात आणि खीर, हे एवढं विहिरीच्या पाण्यात शिजवावं आणि पलीकडे शेठकडे पाठवावं. पाणी कुठलं ते त्याला आधी सांगावं, मला कोणाला फसवून जेवू घालायचं नाही. तो जेवला तर मी खोटी, म्हातारीला चळ लागला होता म्हणा. नाही जेवला तर का नाही, ते पंचांसमोर विचारा. पान दिनानाथने स्वतः न्यावं. आणि दिनानाथ, तुला वाटेत चाखायची खोड आहे. यातलं एक शीतही तोंडात घालू नकोस.