वाजवून घेतलेली काच

मुक्काम बेंबळी, तालुका उस्मानाबाद
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८६३

तीर्थस्वरूप वीरप्पा अण्णा यांस,

महालिंगप्पाचे शरणार्थ पोचावेत. महादेवाच्या कृपेनं इथं सगळं जागच्या जागी आहे. तुमचा खोकला सोलापूरच्या धुरानं वाढला नसेल अशी आशा करतो. वहिनींचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेलं एरंडेल लावलं का, का माझं औषध म्हणून कोनाड्यातच ठेवलंय? तुमच्या घरी सध्या पाहुण्या असलेल्या तुमच्या धाकट्या भगिनी इरम्मा यांची तब्येत मात्र मी विचारत नाही. त्या माझ्यावर रागावून आल्यात, आणि रागावलेल्या माणसाची तब्येत ठणठणीत असते हा माझा अठरा वर्षांचा अनुभव आहे. चार दिवसांसाठी जाते म्हणाल्या होत्या. आज इथला तिसरा बाजार भरून उठला. मी काही त्याबद्दल लिहायला बसलो नाही. मी खिडकीच्या काचांबद्दल लिहायला बसलोय. तुम्हाला एकच बाजू ऐकायला मिळाली असणार, म्हणून दुसरी सांगतो.

आपलं नवं घर तुम्ही वास्तुशांतीला पाहिलंच आहे. त्याच्या खिडक्यांना तेव्हा नुसत्या लाकडी झडपा होत्या. झडप लावली की घरात अंधार, उघडली की खळ्यावरचं भूस थेट ताटात. इरम्माचं म्हणणं एवढंच होतं, की बाकी घराला सोनं लावा नाहीतर शेण लावा, पण माझ्या सैपाकघराच्या एका खिडकीला काच बसवा; मला धान्य निवडायला उजेड पाहिजे. तिनं खिडकीपाशी उभं राहून स्वतःच्या वितीनं मापसुद्धा घेतलं. (किती वीत भरलं ते तिनं सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं.) मी म्हणालो, एकच कशाला, सगळ्या घराला काच बसवतो. माणूस एकदा मोठ्या मनाचा झाला की त्याच्या हातून काय घडेल याचा नेम नसतो, अण्णा.

मी सोलापुरात आलो तेव्हा तुम्ही बरोबर येतो म्हणाला होता. मी नको म्हणालो. पाठीवर मिठाचं पोतं घेऊन बाजार करत करत मी दुकानापर्यंत आलो तो कुणाला बरोबर घेऊन नाही, कानाच्या जोरावर. मडकं घ्यायचं तर बोटाच्या पेरानं वाजवून, नारळ कानापाशी हलवून, कलिंगडावर टिचकी मारून. रुपया निजामाचा हाली असो का इंग्रजाचा कळदार, दगडावर टाकला की तो स्वतःच स्वतःची जात सांगतो. माणसाचंही तसंच. गिऱ्हाईक पायरीवर जोडीदाराशी काय पुटपुटतं ते मला आत गादीवर ऐकू येतं, आणि भाव मी त्यावर सांगतो. (हे तुमच्यापाशीच ठेवा.) असा माणूस काच कशी घेणार?

दुकानदार भला माणूस होता. लढाईमुळं बाहेरचा माल येत नाही, जो आहे तो असा आहे, म्हणाला आणि एकेक तुकडा उजेडाला धरून दाखवायला लागला. ही साधी, ही दुधी, ही नक्षीची. मी म्हणालो, दाखवू नका, काचेत बघायचं काय? जी दिसत नाही तीच चांगली काच. मग मी वाजवायला लागलो. तो माणूस पांढरा पडला. "शेठ, काच आहे ती, घागर नव्हं," म्हणाला. मी दुकानातल्या झाडून सगळ्या काचा वाजवल्या. साधीचा आवाज कसा, सर्दी झालेल्या माणसासारखा बद्द. दुधीचा त्याहून मेला. आणि मागच्या कोपऱ्यात, पोत्याखाली, कित्येक वर्षं कुणी हात न लावलेल्या पाच जुन्या काचा होत्या. टिचकी मारली की भजनातल्या टाळासारख्या बोलायच्या. त्यांच्याशेजारी एक तांबडी होती. तिचं काय सांगू, अण्णा? टिचकी मारली आणि मी पानाला चुना लावून ते तोंडात टाकीपर्यंत तिचा आवाज घुमत होता. मी तिथंच ठरवलं, ही सगळ्यांत उत्तम काच, ही इरम्माच्या सैपाकघराला. आता तुम्हीच सांगा, यात माझा हेतू वाईट होता का? तांबडी बाकीच्यांहून चार बोटं मोठी होती. दुकानदारानं माप विचारलं. मी म्हणालो, राहू द्या, चौकट वाढवू.

निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरी नाक्यावर जकातीसाठी गाठोडं सोडावं लागलं. तिथला शिपाई जलीलमियाँ माझ्या ओळखीचा. त्यानं एक काच उचलली, डोळ्यापुढं धरली आणि पोट धरून हसायला लागला. "सेठ, इसमें तो हमारे जमादारसाब की गर्दन ऊँट सरीकी दिखती!" जमादारानं ते ऐकलं आणि पुढं तासभर आम्हाला तिथंच बसवून ठेवलं. त्या तासात मला शहाणपण यायला हवं होतं. पण मी जमादाराच्या मानेकडं बघत बसलो, आणि ती तशी मुळातच लांब होती, त्यामुळं मला काचेचा दोष वाटला नाही.

आपल्या बब्रुवान सुतारानं काचा बसवल्या. जवसाच्या तेलाचं लुकण लावता लावता तो म्हणाला, "मालक, आरपार बघून घेतल्या व्हय?" मी म्हणालो, "तू तुझं काम कर. वाजवून घेतल्यात." त्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की जणू लुकण मलाच लावायची गरज आहे. इरम्मानं तांबडी काच बघितली. मी तिला टिचकी मारून ऐकवली. ती म्हणाली, "चांगली वाजती." आणि सूप घेऊन खिडकीशी बसली. मला तेव्हा वाटलं, कौतुक केलं.

बैठकीतल्या पाच काचांतून आता मला अख्खं बेंबळी नव्यानं दिसतं. देवळाचा कळस वाकडा, पिंपळ पाण्यात बुडाल्यासारखा, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस ताडी पिऊन चालल्यासारखा. लोक ओट्यावर उभे राहून आतल्या मला बघतात आणि हसतात. पण हे मी सोसलं. खरा घोळ तांबडीनं केला. तिच्यातून येणाऱ्या उजेडात तुरीची डाळ तांबडी, सूप तांबडं, हात तांबडे, आणि डाळीतला मुरमाचा खडाही तांबडाच. बिचारीनं निवडायचं काय? दोन वेळा ती मला म्हणाली, की अहो, खडा दिसत नाही. मी म्हणालो, सवय होईल.

अशात तहसिलीतले पेशकार हैदरसाहेब जेवायला आले. (दुकानामागच्या मोकळ्या बखळीच्या कागदांचं काम त्यांच्याकडं होतं. ते असू द्या.) चार घरची माणसं पंगतीला. तिसऱ्या घासाला साहेबांच्या तोंडात कट्‌ असा आवाज झाला. पंगतीत कुणाला कळलं नाही, मला तीन पाटांवरून कळलं की दाढ आहे. साहेब सभ्य, काही बोलले नाहीत. गप्प मी बसायला हवं होतं. पण लोक बघायला लागले तसा मी म्हणालो, "साहेब, आमच्या घरच्या नुसत्या काचाच खणखणीत न्हाईत, खडेसुद्धा खणखणीत हाईत!" सगळे हसले. साहेब गालावर हात ठेवून हसले. आत सैपाकघरात बांगड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. अण्णा, माझ्या कानांना एवढं ऐकू येतं, तेही ऐकू आलं. आणि मी आणखी वरण वाढा म्हणून हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बोचकं बांधलं आणि सोलापूरच्या मोटारीत बसली. बसताना एकच वाक्य बोलली: "तुमाला ऐकू लई येतं, पण तुमी आयकत न्हाय."

तेव्हापासून घरात ऐकण्यासारखं काही नाही. भाकरी मी स्वतः करतो. ती वाजवून बघतो. आवाज उत्तम येतो, दात लागत नाही. दुपारची मोटार आली की बैठकीत बसतो. या काचांचा एक गुण कबूल केला पाहिजे: मोटारीकडून येणारी प्रत्येक आकृती लांबून इरम्माच दिसते. मी उठून धोतर सावरतो, दार उघडतो, आणि जवळ आल्यावर ती शेजारची तुळजाबाई निघते. काल तर म्हैस निघाली. ओट्यावर बब्रुवान कुणाला तरी सांगत होता, की मालक रोज मोटारीला उठून उभे राहतात. तेही ऐकू आलं.

असो. काचेची हकीकत एवढीच. तुम्ही वडीलधारे, म्हणून कळवली. बाकी मला कशाची काही तक्रार नाही. घरातल्या सगळ्यांना यथायोग्य सांगावं.

आपला,
महालिंगप्पा

ता. क. तांबडी काच मी काल स्वतःच्या हातानं काढली. खिडकी उघडी आहे आणि चुलीत भूस येतंय. साध्या काचेचा एकच तुकडा पाठवाल तर बरं. बद्द वाजली तरी चालेल. पण माप माझ्यापाशी नाही. ते वितीत आहे, आणि ती वीत तुमच्या घरी आहे. तेव्हा दुकानात तिलाच घेऊन जा आणि तिच्याच डोळ्यांनी निवडू द्या. मी येत नाही, दुकानदार मला आत घेणार नाही.

दु. ता. क. काच नाजूक वस्तू. मोटारीच्या टपावर टिकायची नाही, कुणीतरी मांडीवर धरून आणली पाहिजे. कोण ते तुम्ही ठरवा. मी मोटारीला येतो आहेच.

ति. ता. क. हे पत्र तुम्ही सोप्यात बसून वाचाल तेव्हा ती आतल्या दारामागं उभी असेल. तिचे कान माझ्याहून तिखट आहेत, तरी मोठ्यानं वाचा. म्हशीचं तेवढं गाळा.

तेही वाचलंत, तर ती हसली का ते उलट टपाली कळवा.