आपोआप थांबणारी दुर्बीण

आई, तू गेल्यावर मी दुर्बीण घेतली, त्यामुळे तुला ती माहीत नाही. ठाकुर्लीच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मांडतो. इथल्या उजेडात काय दिसणार, असं लोक विचारतात. पण फिल्टर लावून मृगातला तेजोमेघ मी असा टिपलाय की विचारणारेच फोटो मागून घेतात. कोणी शिकवलं नाही, वाचून, खोलून, परत जोडून शिकलो. दुर्बिणीखाली माउंट असतो, म्हणजे मोटरवर फिरणारी बैठक. आकाश सरकतं तशी ती दुर्बिणीला सरकवते आणि कॅमेरा रात्रभर फोटो घेतो. अडचण एकच. तारा डोक्यावरून पलीकडे कलला की कॅमेरा खाली खाली येत ट्रायपॉडच्या पायाला भिडतो. त्याआधी मोटर थांबायला हवी, आणि ती थांबवायला मी जागा असायचो.

मग छातीत स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी जागरण बंद केलं. तुझी सून म्हणाली, "एक तर ते आपोआप थांबू दे, नाहीतर मी थांबवते. विकून." म्हणून लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिला: अमुक कोन आला की मोटर बंद. दुपारी हॉलमध्ये मांडून पुन्हा पुन्हा तपासला, एकदाही चुकला नाही. त्या रात्री निर्धास्त झोपलो. सकाळी वर जातो तर कॅमेरा पायावर रेटलेला आणि मोटर करकरतेय. दुपारी मी समोर बसून बटणं दाबत होतो म्हणून लॅपटॉप जागा राहिलेला. रात्री कोणी हात लावेना, तेव्हा तोच झोपला. ही म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी झोपायला तुम्हाला सांगितलेलं, त्याला नाही."

माउंट खोलून आतली घासलेली दातेरी चाकं साफ करत होतो आणि कळव्याचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू शाळेत शिकवायला निघालीयेस, मी कॉलेजला. फाटकापाशी तू थांबतेस. "रेग्युलेटर बंद केलास?" मी वैतागून म्हणतो, "शेगडीचं बटण बंद आहे ना, मग झालं." "बटण झिजतं रे. सिलिंडरपाशीच बंद असलं की पुढे काही का होईना." आणि दोन मजले चढून परत जातेस. तेव्हा तुला संशयी म्हणायचो. आता लॅपटॉपचं झोपणं बंद केलंच, पण त्याच्यावर भिस्त ठेवली नाही. ट्रायपॉडच्या पायावर एक छोटा स्विच बसवला. कॅमेरा चार बोटांवर आला की स्विचची पुढे आलेली पट्टी दबते आणि माउंटची वीजच तुटते. तुझाच रेग्युलेटर तो, फक्त बारा व्होल्टचा.

आधी काही रात्री मी उठून बघून यायचो. ही कुशीवर वळून विचारायची, "थांबलं का तुमचं?" परवा मात्र जागच आली नाही. उजाडल्यावर वर गेलो. दुर्बीण थांबलेली, कॅमेरा पायापासून बरोबर चार बोटं लांब, फोटो सगळे स्वच्छ. हिने चहा वरच आणला, म्हणाली, "आता ठेवा दुर्बीण खुशाल." मी हो म्हटलं, स्विच कसा चालतो ते तिला परत समजावलं. हे लिहिलेलं मात्र तिला दाखवणार नाही, आणि तुला ते मिळायचं नाही, म्हणून इथे लिहितो: दुर्बीण माझ्यावाचून थांबलेली बघून मला जरा वाईट वाटलं.