हुकावरचा दुसरा रिमोट

१९ ऑक्टोबर, रविवार

खोकं आलं! पोस्टातून घरी आणेपर्यंत दोनदा हलवून बघितलं. आत एक काळा डबा, सायरन, दोन रिमोट आणि वायरींचा एवढा गुंता की सासूबाई म्हणाल्या, "शेवया कुणी मागवल्या?"

चोराच्या भीतीने अलार्म घेतलेला नाही. आमची गाडी नेणाऱ्या चोराची मला कीवच येईल. पण हा अलार्म थंडीत गाडी आपोआप चालू करतो. वेळ लावून ठेवायची, नाहीतर घरातूनच बटण दाबायचं. इंजिन वीस मिनिटं चालतं, गरम होतं, आपण खाली जाऊन नुसतं बसायचं. रिमोटला इवलासा पडदा आहे. गाडी चालू झाली की तो वाजतो, बंद झाली की वाजतो.

गेल्या फेब्रुवारीसारखं पुन्हा व्हायला नको. उणे एकेचाळीस, गाडी मेलेली. सासूबाईंचं मंगळवारचं डायलिसिस चुकलं, गुरुवारी तेच. शुक्रवारी त्यांच्या फुफ्फुसात पाणी, नऊ दिवस आयसीयू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक वेळ चुकली तर निभावून नेऊ, लागोपाठ दोन चुकल्या तर दर वेळी नशीब साथ देणार नाही. मशीन शहरात, अडतीस किलोमीटरवर. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी सातला खुर्चीत बसलेलं हवं, आणि आमच्या गावची पहिली बस सुटतेच साडेसातला.

ग्लेब फोनवर म्हणाला, हात लावू नकोस, नोव्हेंबरात आलो की मी बसवतो. नवरा माझा उत्तरेला गॅसच्या विहिरींवर असतो. दोन महिने तिकडे, एक महिना घरी, असं ठरलेलं. मार्चपासून घरी किती होता ते मोजलं — अकरा दिवस.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

गुंत्यातल्या वायरी रंगाप्रमाणे वेगळ्या करून स्वयंपाकघरात दोरीवर टांगल्या. नोव्हेंबरपर्यंत थांबणार नाही. नोव्हेंबर थांबतो का आपल्यासाठी?

२६ ऑक्टोबर, रविवार

सावेलिचचं गॅरेज दिवसभरासाठी मागून घेतलं. म्हातारा पूर्वी वेल्डर होता. आता गॅरेजात बसून त्याखालच्या तळघरातले बटाटे आणि कोबीचं पिंप राखतो. मला बघून म्हणाला, "ताइस्या, वायरी म्हणजे भरतकाम नव्हे."

मी म्हटलं, सावेलिच, मी खाणीच्या दिवाखोलीत एकोणीस वर्षं आहे. तीनशे माणसं रोज माझ्या हातचा दिवा डोक्यावर लावून खाली उतरतात, तुमचा जावईसुद्धा. एकाचा विझलाय का आजवर? तो उठून तळघरात उतरला. मग खारवलेल्या अळंब्यांची वाटी आणून ठेवली. त्याची माफी अशीच असते.

बॅटरीची तार काढली, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं आणि मीटर लावून एकेक वायर शोधली. जाड काळी-पांढरी स्टार्टरची, लाल बॅटरीची. पिवळ्या जोडाला हात लावायचा नाही, ती एअरबॅग. नुसतं पिळून टेप मारत नाही मी, प्रत्येक जोड सोल्डर केला. प्लास्टिकची टेप थंडीत तडकते, म्हणून कापडी. सायरन तोंड खाली करून बसवला, नाहीतर बर्फ वितळून पाणी भरतं. सहा तास उलटी लोंबकळत होते. मानेचं पार लाकूड झालंय.

सासूबाई पूर्ण वेळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी लाकडांचा ट्रक चालवला. मधुमेहाने डोळे अधू झाले, चार वर्षांपूर्वी लायसन्सही काढून घेतलं. रस्ता दिसतो, पाट्या दिसत नाहीत. सूचना मात्र सगळ्या दिसल्यासारख्या देतात.

२ नोव्हेंबर, रविवार

आज अडले. गाडीच्या किल्लीत चिप आहे. ती जवळ असल्याशिवाय इंजिन धरत नाही. आपोआप चालू व्हायची तर एक किल्ली कायमची डॅशबोर्डच्या आत, डब्यात बंद करून ठेवावी लागते. म्हणजे एका किल्लीवर पाणी सोडायचं. आणि किल्ल्या दोनच. एक माझी. दुसरी ग्लेबची, चामड्याच्या पट्टीची, दाराशी हुकावर. पट्टीला अजून त्याच्या हाताचा वास येतो. मी वेडी, हुंगून बघितली.

किल्लीवाल्याकडे तशी चिप नाही. मागवली तर जानेवारी. मी म्हटलं, ग्लेबला विचारते. सासूबाई काकडीच्या लोणच्याची बरणी धुंडाळत होत्या (मीठ बंद आहे, तरी!). वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "त्याचीच टाक."

"आल्यावर तो काय वापरेल?"

"आल्यावर तुझी घेईल. विचारत काय बसतेस? थंडी विचारून येते का?"

टाकली. पट्टी काढून माझ्या खणात ठेवली. किल्लीच्या जागी, त्याच हुकाला, दुसरा रिमोट टांगला. ग्लेबचा. आमच्या दिवाखोलीत असंच असतं. हुक रिकामा म्हणजे माणूस कामावर उतरला. दिवा हुकावर म्हणजे तो आलेला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

फजिती! सगळं जोडून झालं, बॅटरी लावली. सावेलिचला दाखवायला म्हणून ऐटीत गॅरेजबाहेर उभी राहिले आणि बटण दाबलं. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि थेट कोबीच्या पिंपात! गॅरेजभर आंबट पाणी, आणि मध्ये सावेलिच, हातात चहाचा पेला तसाच.

चूक माझी. डब्यावर वायरीचा एक वेढा असतो. गिअर हाताने टाकायच्या गाडीत तो कापायचा असतो. तो राहिला, आणि गाडी होती पहिल्या गिअरमध्ये. गिअरमध्ये का, तर सासूबाईंनी शिकवलं म्हणून. इथे हिवाळ्यात हँडब्रेक ओढला की गोठून चाकं धरून बसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकूनच उभी करायची. बावीस वर्षांची सवय, हात आपोआप तिथे जातो.

पिंपासमोरून सावेलिच दोनच मिनिटांपूर्वी उठला होता. 

सासूबाई मात्र हसल्या. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तीस वर्षं ट्रक चालवला, पण कोबीला धडक नाही दिली कधी."

१२ नोव्हेंबर, बुधवार

वेढा कापला. आता गाडी उभी करायची पद्धतच बदलली. न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढून घ्यायची — इंजिन तरी चालूच राहतं! — उतरून दार लावायचं, मग ते आपलं आपण बंद होतं. गिअरमध्ये असेल तर पुढच्या वेळी चालूच होणार नाही. सासूबाई म्हणाल्या, ही भुताटकी आहे.

पण हँडब्रेकचं काय? गोठणार तो, आणि तो ओढल्याचा दिवा लागल्याशिवाय डबा ऐकत नाही. मी आणि सावेलिच तासभर डोकं खाजवत बसलो. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "एकच दात ओढ. दिवा लागतो, ब्रेकचे पट्टे चाक धरत नाहीत. तुझ्या डब्याला दिवाच हवाय ना? आणि गाडी पळू नये म्हणून चाकाखाली लाकूड."

करून बघितलं. डबा फसला! आनंदाच्या भरात त्यांच्या गालाचा मुका घेतला. त्यांनी गाल पुसला.

आणखी एक समजलं. आपोआप चालू झालेल्या गाडीत किल्ली न लावता ब्रेकवर पाय ठेवला की इंजिन बंद. चोराला नुसतं बसून गाडी नेता येऊ नये म्हणून.

२३ नोव्हेंबर, रविवार

ग्लेबचा फोन. कामाची पाळी वाढली, नववर्षाला येतो. आवाज पाठ केल्यासारखा. अलार्म मी बसवला म्हटलं तर "बरं" म्हणाला. नुसतं "बरं"! एरवी फ्यूज बदलला तरी तो उलटतपासणी घेतो. किल्लीचं सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

उणे अडतीस. पाच चाळीसला रिमोट वाजला. खिडकीतून बघितलं — अंगणात सगळ्या गाड्या पांढऱ्या आणि मुक्या, आमची एकटी धूर सोडतेय. दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी बॅटरी काखेत मारून गरम करायला घरी नेत होता, थबकून बघत राहिला. माझा जीव भांड्यात पडला. सहा पंचावन्नला खुर्चीत.

सासूबाई गाडीतून उतरताना म्हणाल्या, "ठीक आहे." माझ्या लग्नातही त्या एवढंच म्हणाल्या होत्या.

१४ डिसेंबर, रविवार

सायरन दोनदा वाजला. चोर सापडला. गरम बॉनेटवर मांजर.

२७ डिसेंबर, शनिवार

डायलिसिसहून परतताना संत्री घेतली. सासूबाईंना दोनच फोडींची परवानगी, पण संत्र्याच्या वासाशिवाय आमचं नववर्ष होत नाही. घरी पोचतो तर ग्लेबचा फोन. नववर्षालाही येत नाही. मग कधी, म्हटलं. दोनदा विचारलं. म्हणाला, "आईला विचार." आणि ठेवला.

सासूबाईंना मशीननंतर ग्लानी असते. झोपल्या होत्या. विचारलं नाही. संत्री सोलली, खाल्ली नाहीत.

२९ डिसेंबर, सोमवार

काल सासूबाईंनी ताप आल्याचं नाटक केलं. आज कामावरून आल्या आल्या कोट न काढता विचारलं.

त्यांनी सगळं सांगितलं. ग्लेबच्या तिकडे कँटीनमध्ये स्वयंपाक करणारी एक बाई आहे. तिला त्याचं मूल होणार आहे, फेब्रुवारीत. सप्टेंबरातच त्याने आईला फोन करून सांगितलं होतं, तू ताइस्याला सांग म्हणून. यांनी सुनावलं, तुझं तू सांग. त्याने सांगितलं नाही, आणि यांनीही नाही.

चार महिने! मी त्याच्या किल्लीची पट्टी हुंगत होते आणि ही बाई समोर बसून काकड्या शोधत होती. "त्याचीच टाक" — माहीत होतं ना! विचारलं, का नाही सांगितलंत?

म्हणाल्या, "तू निघून गेली असतीस. मला हिवाळा काढायचा होता, ताइस्या."

एवढं खरं बोलायची काय गरज होती? खोटं बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. मी म्हटलं, उद्या मी तुम्हाला नेणार नाही. तुमच्या मुलाला बोलवा.  गाडीचा टायमर काढून टाकला. बोलले ते बोलले. रडूही येत नाहीये.

३० डिसेंबर, मंगळवार

उणे चव्वेचाळीस. पाच चाळीसला उशाशी रिमोट वाजला — इंजिन चालू. मग बंद. चालू. बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद.

उठले. दाराशी हुक रिकामा. खिडकीतून बघितलं तर सासूबाई स्टिअरिंगवर. लोकरीचे बूट, जुना चष्मा, ताठ बसलेल्या. बटण दाबून गाडी चालू करतात, ब्रेकवर पाय ठेवतात, गाडी मरते. किल्ली हवी. आणि हुकावरची किल्ली त्यांनीच डॅशबोर्डच्या पोटात टाकायला लावली होती.

चौथ्यांदा झालं तेव्हा माझी किल्ली घेऊन खाली गेले. चाकाखालचं लाकूड त्यांनी काढून ठेवलं होतं. दार उघडून म्हटलं, "पलीकडे बसा." वळसा घालून बसल्या. अर्धी वाट सरली. मग म्हणाल्या, "तिसऱ्या गिअरात फार वेळ राहतेस."

सहा अठ्ठावन्नला खुर्चीत. नर्सने शाल काढून घेताना त्यांनी खिशातला रिमोट माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, राहू दे, तुमचाच आहे.