सशांच्या बाटल्या, गल्लीचा टँकर

वडवणी, मंगळवार, संध्याकाळ

दुपारी बातमीसाठी सोसायटीच्या चेअरमनच्या फार्मसी कॉलेजात प्रयोगाच्या सशांचे फोटो काढले. प्रत्येक पिंजऱ्याला पाण्याची भरलेली बाटली. विसरलेली ओढणी घ्यायला परत गेले, तर सगळ्या बाटल्या काढून नेलेल्या. ससे बाटलीच्या जागची कोरडी जाळी चाटत होते.

तिथल्या शिपायानं कळवलं असावं, लगेच चेअरमनचा फोन. "ताई, पाणी होतं का न्हाई? मग तेवढंच खरं छापा. तुमच्या गल्लीला टँकर आमचीच सोसायटी पाठवती."

तेवढंच खरं म्हणे! ती जाळी डोळ्यांपुढून जाईना. भरलेल्या बाटल्याही लिहिल्या, कोरडी जाळीही. बातमी पाठवून दिली; तासाभरात पेपरच्या वेबसाइटवर लागलीही.

आता गल्लीभर रिकाम्या घागरींची रांग आहे. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून विचारतायत, "टँकर कावून आला न्हाई गं आज?"