गृहभेटीची साडी

धुळे,
गुरुवार, दुपार

प्रिय मृणाली,

न्यासाचं काय झालं हे तू फोनवर विचारतेस आणि मी तुला मेसमध्ये भाजी कोणती होती ते विचारते. तुझ्या लक्षात आलं असणारच. परवा तू म्हणालीस, "आई, नाही म्हणाले असतील तर तसं सांग, मी रडणार नाहीये." तेव्हाही मी कुकरची शिट्टी झाल्याचं निमित्त करून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. म्हणून हे पत्र. तुझा आवाज ऐकला की मला पुढचं बोलता येत नाही.

सगळं क्रमानं सांगते, कारण नुसता निकाल सांगितला तर तो खरा असेल पण पुरा नसेल. न्यासानं हात दिला तर तुझ्या जळगावच्या, मेहरूणच्या वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च शिक्षण संपेपर्यंत भागतो, नाही दिला तर दिवाळीनंतर तुला गादी गुंडाळून धुळ्याला परत यावं लागेल, हे आपल्या दोघींनाही पाठ आहे. सरकारी वसतिगृहाच्या यादीत तुझं नाव लागलं नाही. स्कॉलरशिप आहे ती फीपुरती. आणि मी कॉलेजात शिकवत असले तरी तासिका तत्त्वावर. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की तेही नाहीत, आणि झालेल्या तासांचे पैसेसुद्धा बिल मंजूर होईल तेव्हा. तुझे पप्पा गेल्यापासून हेच चाललंय. हे सगळं अर्जात लिहिलं होतं. तुझ्याच अक्षरात.

जुलैत आपण जळगावला न्यासाच्या मुलाखतीला गेलो तो दिवस तुला आठवत असेल. तू आत कागदपत्रं तपासून घ्यायला गेलीस आणि मी बाहेर उभी होते, तेव्हा काय झालं ते मी तुला सांगितलं नाही. मी राखाडी साडी नेसले होते, ती सुरतची, सेकंडच्या मालातली. पाचव्या गल्लीतल्या दुकानात ती गठ्ठ्याच्या तळाशी होती, कारण छपाई एका बाजूला सरकलेली. दोष कुठंय ते नीट पाहून घ्यायचं आणि तो निऱ्यांमध्ये जिरवायचा, एवढीच तर आपली विद्या. त्यावर माझ्या आबांच्या जुन्या मफलरच्या रंगाचा, विटकरी ब्लाउज. पिना कुठं दिसत नव्हत्या. तर मी उभी असताना एक मुलगी धावत आली, "मॅडम, तुम्ही इथं कशा? पाहुण्यांची व्यवस्था तिकडे आहे," म्हणाली आणि मला पंख्याखालच्या खुर्चीवर बसवून आलं घातलेला चहा दिला. मागोमाग गुलाबाचं फूल. मी म्हणाले, "अहो, मी पाहुणी नाही." ती हसून म्हणाली, "असू द्या हो मॅडम, सगळेच असं म्हणतात." मी चहा प्यायले, मृणाली. गरम होता, आणि पहाटेच्या एसटीत काही खाल्लं नव्हतं.

मग ललितभाऊ आले, न्यासाचे सचिव. नमस्कार करून त्यांनी विचारलं की आपण कोणत्या संस्थेकडून आलात. मी म्हणाले, अर्जदाराची आई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या बाकीच्या आयांकडे पाहिलं. त्या धुऊन धुऊन विटलेल्या साड्यांत, पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. ललितभाऊ वाईट माणूस नाही. त्यांना स्वतःचाच संकोच वाटला आणि म्हणून ते जास्त कोरडे झाले. आत त्यांनी माझा पगार विचारला, मी सांगितला. त्यांनी पुन्हा विचारला. मी पुन्हा तोच सांगितला. तू बाहेर आलेल्या कागदावर वाचलंस ना, "निर्णय गृहभेटीनंतर"? तू म्हणालीस सगळ्यांचंच तसं असेल. तसं नव्हतं. बाकावरच्या बायांच्या मुलींचं त्याच दिवशी झालं.

परतीच्या गाडीत मी स्वतःला एकच विचारत होते, की मला हे आधी कसं सुचलं नाही. मदत मागायला जाताना मी घरातलं सगळ्यांत चांगलं काढून नेसले. पण आपल्याकडे कोणी वेगळं केलं असतं का? आबा एसटीच्या डेपोत गाड्यांखाली झोपून ग्रीसनं माखायचे. घरी आले की आंघोळ, आणि मग पांढरा शर्ट, तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री केलेला. त्यांच्या तरुणपणी सोनगीरला ते असे निघाले की चावडीवरून कोणीतरी त्यांचं नाव घेऊन ओरडायचं, "आज कोनं लगीन शे रे आधार?" आबा थांबून सांगायचे, "मनंच शे. रोजच ऱ्हास." हे सांगताना ते हसायचे, पण शर्ट घालायचं त्यांनी कधी सोडलं नाही. मला म्हणायचे, "पोरी, फाटेल चाली, मयेल चालाव नही." फाटकं चालेल पण मळकं नाही, आणि मोठ्या माणसासमोर, साहेबासमोर, दवाखान्यात, शाळेत जाताना आपण जास्त नीट जायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि तू माझ्याकडून. ती आपल्या घरात हौस नव्हती. आता ती चूक निघाली, तर कोणाची म्हणू?

स्टाफरूममध्ये पुनम मॅडम सगळ्यांसमोर म्हणतात, "सातवा वेतन आयोग आम्हाला आणि साड्या किरण मॅडमच्या!" सगळे हसतात, मीही हसते. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला बरंच वाटतं. तुझ्या वसतिगृहातल्या मुलींनी तुझा पांढरा अनारकली कुठून मागवला म्हणून विचारलं आणि तू "आमचा घरचा ब्रँड आहे" म्हणालीस, हे ऐकून तर मी दिवसभर हवेत होते. तो माझ्या लग्नातल्या पांढऱ्या साडीचा, हे तू त्यांना सांगितलं नाहीस. ते बरंच केलंस. पण मागच्या हिवाळ्यात आपला गॅस संपला होता तेव्हा पुनम मॅडमकडे मला मागता आलं नाही, ते याच साड्यांमुळे. जिच्या साडीचं रोज कौतुक केलं ती बाई गॅससाठी हात पसरते, हे त्यांना खरंच वाटलं नसतं. आणि मलाही ते त्यांना खरं वाटायला नको होतं. दोन्ही गोष्टी मी डायरीत लिहिल्या, पण कोणती आधी होती ते मला ठरवता आलं नाही.

मागच्या आठवड्यात ललितभाऊंचा फोन आला, की रविवारी गृहभेटीला येतो. शेजारच्या शेवंताबाई दारातच मेथी निवडत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. उठून आत आल्या, कमरेवर हात ठेवून घर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुनं घर दखीसन त्या तुलेच वर्गणी मांगतीन!" मला हसू आलं. त्या हसत नव्हत्या. त्यांनी खिडकीवरचे पडदे काढायला लावले, ते साड्यांच्या उरलेल्या काठांचे. उशांचे अभ्रे काढले. दिवाणावरची गोधडी उलटी टाकली. आरसा आणि इस्त्री स्वतःच्या घरी नेली. मशिनवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी म्हणाले, "हे राहू द्या, यावर मी लोकांचे ब्लाउज शिवते, हे अर्जात आहे." तर म्हणाल्या, "मग धूळ टाक त्याच्यावर थोडी." आपलं घर गरीब दिसायला अर्धा दिवस लागला.

मग साडीचं निघालं. मी कपाट उघडलं आणि खरंच सांगते, एकही साडी तशी नव्हती. जी विरली तिचा तुझा कुर्ता झालाय, जी फाटली तिची ओढणी, जिचा रंग गेला ती मी घरीच पुन्हा रंगवली. मी गरीब आहे आणि माझ्याकडे गरिबाची साडी नाही. शेवंताबाईंनी त्यांची आणून दिली. "नेस मुकाट्यानं. पोरगीनं शिक्षण शे का तुना फॅशन शो शे?" मी नेसले. आरसा नव्हताच, त्यामुळे कशी दिसत होते ते मला माहीत नाही.

ते येईपर्यंत मी ओट्याजवळ उभी राहून विचार करत होते की मी आत्ता खोटं वागतेय की आजवर वागत होते. साडी दुसऱ्याची, पण तिच्यातून दिसत होतं ते माझंच होतं. राखाडी साडी माझी, पण तिच्यातून दिसायचं ते नव्हतं. मुलांना मी वर्गात अर्थशास्त्र शिकवते, इतकं साधं मला सोडवता येऊ नये? तुला हे विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "आई, तू फार विचार करतेस." ते तर आहेच.

ललितभाऊंबरोबर प्रमिलाबाई होत्या, न्यासाच्या जुन्या विश्वस्त. मी खुर्ची पुढे केली तर त्या खाली सतरंजीवर माझ्याशेजारी बसल्या. ललितभाऊंनी पगार विचारला. मी जुलैतलाच आकडा सांगितला, त्याच शब्दांत. या वेळी त्यांनी पुन्हा विचारलं नाही, मान खाली घालून लिहून घेतलं. प्रमिलाबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अहो ताई, आधीच असं का नाही सांगितलं? त्या दिवशी आमचा केवढा गैरसमज झाला." मी आधीही हेच सांगितलं होतं, असं मला म्हणायचं होतं. पण त्यांचा हात ऊबदार होता आणि डोळ्यांत खरंच पाणी होतं, आणि मला तुझी ती खोली दिसत होती, खिडकीपाशी तुझं टेबल, टेबलावर तू लावलेला कागदी दिवा. जाताना दारात त्या म्हणाल्या, "अशी साधी माणसं पाहिली की बरं वाटतं." शेवंताबाई ओसरीवर तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

तर मदत मंजूर झाली आहे. शेवटच्या वर्षापर्यंत, वसतिगृह आणि मेस दोन्ही. सोमवारी फोन आला. आता तू हे वाचून उडी मारशील, मार. मलाही मारायची होती. पडदे मी अजून परत लावलेले नाहीत, कारण स्टुलावर चढलं की उगाच वाटतं, कोणी येऊन पाहील. कॉलेजला जाताना काल मी पदराला पिन लावली आणि काढली. पुनम मॅडमनी विचारलं, "बरं नाही का किरण मॅडम? आज साडी गप्प आहे." मी हो म्हणाले.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहीत बसले. सोमवारच्या त्याच फोनवर ललितभाऊंनी सांगितलं की येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी जळगावात कार्यक्रम आहे. देणगीदार येणार आहेत. स्टेजवर तुला आणि मला बोलावून सगळ्यांसमोर पत्र देणार, फोटो पेपरात येईल. तुमच्या वसतिगृहातल्या सगळ्या मुलींना बसायला बोलावलंय, हेही त्यांनी आनंदानं सांगितलं. आणि मग आवाज जरा खाली घेऊन म्हणाले, "ताई, त्या दिवशी घरी होता तशाच या. मुलीलाही सांगा, कॉलेजचं काही नको, साधंच काहीतरी. देणाऱ्यांना दिसलं पाहिजे ना. तुमच्या पहिल्या भेटीबद्दल दोन-तीन जणांनी विचारलं होतं, मला उत्तर द्यावं लागतं." मी "हो भाऊ" म्हणाले, मृणाली. तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून रोज तुला फोन लावते आणि भाजी विचारते. ज्या मुलींना तू घरचा ब्रँड सांगितलास, त्यांच्यासमोर विटका ड्रेस घालून उभी राहा, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि नको घालू, तुझा पांढरा अनारकली घालून ताठ ये, असं सांगितलं आणि त्यांचं मन फिरलं, तर तुझं सामान आणायला कोणत्या तोंडानं येऊ? तुझ्या पहिल्या झबल्यापासून आजवर तू काय घालायचं ते मीच ठरवलं. या वेळी मला ठरवता येत नाही. तू विचार कर, घाई करू नकोस, आणि रागावलीस तरी मला कळव. तू काय घालणार आहेस ते सांग. मी काय नेसू, तेही तूच सांग.

तुझ्या फोनची वाट पाहणारी आणि त्याला भिणारी,
तुझीच
आई